मंडळाच्या स्टॉलवर किरणोत्सार दाखवायचा असेल तर

इंदूरात ‘कॅट’ म्हटलं की अर्ध्या गावाला आजही वाटतं की सुखनिवासजवळ अणुभट्टी आहे. प्रत्यक्षात कॅट म्हणजे आताचं राजा रामण्णा केंद्र, आणि तिथलं इंडस-2 हे सिंक्रोट्रॉन आहे. त्यात इलेक्ट्रॉन 172.5 मीटर परिघाच्या कड्यात 2.5 गिगाइलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत फिरवतात आणि त्यांच्यापासून निघणारा प्रकाश संशोधनाला वापरतात. युरेनियम नाही, साखळी प्रक्रिया नाही. वीज बंद केली की किरण बंद. हा गैरसमज पोस्टर लावून जात नाही. आधी डोळ्यांनी काहीतरी दिसलं पाहिजे, मगच लोक पुढचं ऐकतात. म्हणून गणेशोत्सवात, मराठी मंडळाच्या जत्रेत किंवा 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला स्टॉल लावणार असाल तर भाषणाच्या आधी क्लाउड चेंबर (किरणोत्साराच्या कणांच्या रेघा दाखवणारी टाकी), गायगर काउंटर (किरणोत्सार टिकटिक करून मोजणारं यंत्र) आणि बटाटा या तीन गोष्टी मांडा.

क्लाउड चेंबर

सामान: सुमारे 30 × 20 × 20 सेंटिमीटरची काचेची माशांची टाकी, टाकीच्या तोंडापेक्षा थोडा मोठा 2-3 मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, फेल्टची 4-5 सेंटिमीटर रुंदीची पट्टी, फोम टेप, थर्माकोलचा पसरट खोका, आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि 3 ते 4 किलो ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. टाकी ॲक्रिलिकची घेऊ नका, अल्कोहोलच्या वाफेने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

आयपीए 99 टक्क्यांचंच हवं. मेडिकलमध्ये 70 टक्क्यांचं मिळतं, त्यात पाणी असतं. ते थंड पत्र्यावर गोठतं, पांढरा थर साचतो आणि रेषा दिसत नाहीत. रसायनांच्या दुकानात 500 मिलिलिटरची बाटली मागा; एका वेळेला 30-40 मिलिलिटर पुरतं.

पत्र्याची एक बाजू मॅट काळ्या स्प्रेने रंगवा आणि एक दिवस वाळू द्या. चकचकीत काळा रंग चालत नाही, टॉर्चचं प्रतिबिंब पडतं. फेल्ट टाकीच्या तळाशी आतून चारही बाजूंनी बसवायचं, कारण टाकी उलटी ठेवल्यावर तो तळ वर येतो. ग्लू गनने चिकटवलं तर अल्कोहोल लागताच सुटतं आणि ओलं फेल्ट धपकन पत्र्यावर पडतं, तेही नेमकी गर्दी असताना. काचेच्या दोन्ही बाजूंनी छोटी चुंबकं लावा, ती हलत नाहीत.

आता थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइसचे तुकडे सपाट अंथरा, त्यावर पत्रा काळी बाजू वर करून दाबून बसवा. मध्ये फट राहिली तर तेवढा भाग थंड होत नाही. म्हणून मोठे तुकडे गोणपाटात घालून हातोडीने बारीक केलेले बरे. पत्रा लेव्हलमध्ये आहे का पाहा. फेल्ट ओलं करा (ठिबकायला नको), टाकी पत्र्यावर उलटी ठेवा, कडेला फोम टेप लावून हवा बंद करा. टॉर्च बाजूने, पत्र्याला जवळपास समांतर धरा, आणि अंधार करा.

पहिली काही मिनिटं नुसता बारीक पाऊस पडताना दिसतो. ड्राय आइस उणे 78 अंशांवर असतो, वरची हवा खोलीच्या तापमानाची. दहा-पंधरा मिनिटांत पत्र्याच्या वर सेंटिमीटरभर जाडीचा असा थर तयार होतो की त्यात अल्कोहोलची वाफ जमायला नुसतं निमित्त शोधत असते. विद्युतभारित कण हवेतून गेला की मागे आयन म्हणजे विद्युतभारित अणू-रेणू सोडतो, त्या आयनांवर थेंब धरतात आणि पांढरी रेघ उमटते. आखूड, जाड रेघ अल्फा कणाची, बहुधा हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूमुळे. नागमोडी, बारीक रेघ इलेक्ट्रॉनची. लांब आणि सरळ रेघ बहुतेक वेळा म्यूऑनची, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरातून आलेल्या कणाची. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो. टाकीत वेगळा किरणोत्सारी पदार्थ ठेवायची गरजच नाही, आणि हेच लोकांना सांगण्याजोगं आहे: हा किरणोत्सार आम्ही आणलेला नाही, तो तुमच्या घरातही असाच चालू असतो.

रेघा दिसत नसतील तर या क्रमाने तपासा. फोम टेपमधून हवा आत शिरते का? टॉर्च वरून पडतोय का? पत्रा आणि बर्फ यांत फट आहे का? सगळं धुकं-धुकं झालं असेल तर टाकीवर गरम पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल दोन मिनिटं ठेवा. वरचा भाग उबदार झाला की वाफ भरपूर निघते आणि वर-खाली तापमानातला फरक वाढतो. तरीही धुकं हटलं नाही तर प्लॅस्टिकची पट्टी लोकरीवर घासून टाकीवर धरा. जुने आयन ओढले जातात आणि नव्या रेघा स्वच्छ दिसतात.

गणपतीच्या मंडपात हे करणार असाल तर समई, उदबत्ती, निरांजन आणि कापूर स्टॉलपासून चांगले लांब ठेवा. आयपीएची वाफ पेट घेते. आरतीच्या वेळी टाकी बंद करून बाटली आत ठेवणं एवढा नियम पाळा. ड्राय आइस हातात घेताना जाड चामडी किंवा लोकरी हातमोजे हवेत. तो बाटलीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही भरू नका, गॅसचा दाब वाढून डबा फुटतो. गाडीतून आणताना काचा उघड्या ठेवा. बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साचून गुदमरायला होतं. मुलांना हात लावू द्यायचा नाही, कितीही हट्ट केला तरी. आणि माल त्याच दिवशी सकाळी आणा, रात्रभरात थर्माकोलच्या डब्यातूनही बराच उडून जातो.

गायगर काउंटर

साध्या नळीच्या काउंटरवर रिकाम्या खोलीत मिनिटाला पंधरा ते तीस टिकटिक होतात, नळी मोठी तशा जास्त. एकेका मिनिटाचा आकडा फार हलतो. दहा मिनिटं मोजा. दहा मिनिटांत 200 आले तर त्यातला नैसर्गिक चढउतार 200 च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे 14. त्यामुळे पुढच्या वेळी 215 आले तर काही वाढलं असं म्हणता येत नाही. 300 आले तर म्हणता येतं. हा हिशेब स्टॉलवरच्या मुलांना आधी शिकवा, नाहीतर कुणाच्याही हाताजवळ काउंटर नेऊन ‘वाढलं, वाढलं’ सुरू होतं. स्वस्त काउंटर मोबाइल अगदी जवळ आणला की उगाच उसळतात. तो सर्किटमधला गोंधळ असतो, किरणोत्सार नव्हे. मोबाइल हातभर लांब ठेवा.

दाखवायला सगळ्यात सोपा पदार्थ कृषी केंद्रात मिळतो: म्युरिएट ऑफ पोटॅश. त्यात पोटॅशियम असतं आणि नैसर्गिक पोटॅशियममध्ये 0.0117 टक्के पोटॅशियम-40, हा त्याचा किरणोत्सारी प्रकार. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला साधारण 31 अणू क्षय पावतात, म्हणजे एक किलो पोटॅश खतात सुमारे पंधरा हजार. ढीग करू नका, ताटात सेंटिमीटरभर पसरवा. आतल्या थरातले बीटा कण, म्हणजे क्षयातून निघणारे इलेक्ट्रॉन, खतातच अडकतात, नळीपर्यंत येणारे वरच्या काही मिलिमीटरमधलेच. ताट नळीला जवळजवळ टेकवा, पण नळीवर खत सांडू देऊ नका.

नंतर लोकांना सांगा की माणसाच्या शरीरातही साधारण 140 ग्रॅम पोटॅशियम असतं आणि तिथे सेकंदाला चार हजारांहून जास्त असे क्षय होत असतात. इथे बहुतेक जण गप्प होतात, काही जण हसतात.

फुग्याचा प्रयोगही छान आहे, पण ऋतू पाहून करा. फुगा लोकरी शालीवर घासून तळमजल्याच्या बंद खोलीत तासभर टांगा. रेडॉनपासून झालेले शिसे आणि बिस्मथचे अणू विद्युतभारामुळे त्याला चिकटतात. मग फुग्यातली हवा सोडून तो काउंटरजवळ धरा. टिकटिक काही पट होते आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने निम्मी होत जाते. अर्धायुष्य म्हणजे काय ते यापेक्षा सोपं कशात दिसेल? फेब्रुवारीत इंदूरची कोरडी हवा याला अनुकूल असते. भाद्रपदात मात्र दमटपणामुळे फुग्यावरचा भार काही मिनिटांत निघून जातो आणि हाती काही लागत नाही. तेव्हा पंख्याच्या मागच्या जाळीवर पातळ सुती कापड ताणून बांधा आणि बंद खोलीत तासभर पंखा चालवून ते कापड मोजा.

बटाटा

आता बटाट्याकडे वळा, कारण माळव्यात बटाटा म्हटलं की गंभीर मंडळीही जवळ येतात. चोइथराम मंडीच्या आवारात राजा रामण्णा केंद्राने शेतमालावर इलेक्ट्रॉन किरणांनी प्रक्रिया करायचं केंद्र उभारलं आहे, आणि लासलगावचं कांद्याचं केंद्र मराठी माणसाला ऐकून माहीत असतंच. अन्नसुरक्षा नियमांत कंदांना कोंब येऊ नयेत म्हणून 0.02 ते 0.2 किलोग्रे मात्रा आहे (ग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप). मसाल्यांतले जंतू मारायला 6 ते 14 किलोग्रे. शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या निर्जंतुकीकरणाला सामान्यतः 25 किलोग्रे देतात. आकडे शेजारी-शेजारी लिहिले की कोंब रोखायला किती थोडं लागतं ते वेगळं समजवावं लागत नाही.

फायदा नुसता कोंबांचा नाही. साध्या शीतगृहात बटाटा 2 ते 4 अंशांवर ठेवतात. तिथे स्टार्चची साखर होते आणि वेफर्स तळताना तांबडे-काळे पडतात. कोंब किरणांनी रोखले तर तोच बटाटा 15 अंशांच्या आसपास ठेवता येतो आणि वेफर्स पांढरे निघतात. दोन्ही प्रकारचे बटाटे मिळाले तर तळून दाखवा, पण कढई क्लाउड चेंबरच्या दुसऱ्या टोकाला.

शेतकऱ्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. प्रक्रिया केलेला बटाटा बियाण्याला चालत नाही, तो उगवणारच नाही. आणि एवढ्या मात्रेने सड थांबत नाही. कापलेला, चिरडलेला, ओला माल जसा सडायचा तसा सडतोच. कांदा आधी नीट वाळवलेला हवा, आणि काढणीनंतर तो सुप्तावस्थेत असतानाच न्यावा. आत कोंब वाढू लागल्यावर प्रक्रिया केली तर आतला कोंब काळपट होतो.

‘मग बटाटा किरणोत्सारी होत नाही का?’ हा प्रश्न येणारच. क्ष-किरण काढून आलेला माणूस दुसऱ्याला क्ष-किरण देत नाही, एवढं उत्तर पुरतं. खोलात जायचं असेल तर सांगा की इलेक्ट्रॉनची ऊर्जा 10 मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आत ठेवायची मर्यादा याचसाठी आहे, आणि काही केंद्रांत इलेक्ट्रॉनऐवजी वापरतात त्या कोबाल्ट-60 चे गॅमा किरण 1.17 आणि 1.33 मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्टचेच असतात.

‘काही धोका नाही’ असं वाक्य स्वयंसेवकांच्या तोंडी येऊ देऊ नका. चेर्नोबिलचं कुणी विचारलं तर विषय बदलू नये. मात्रा सांगा: जगात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणोत्साराचं माप) मिळतात, छातीच्या सीटी स्कॅनला साधारण 7. ज्या केंद्रात कोबाल्ट आहे तिथे जाड भिंती आणि दाराचे इंटरलॉक असतात, ते तिथला स्रोत उघडा पडला तर जीवघेणा म्हणूनच. असं बोललं की लोक उलट अधिक विश्वास ठेवतात.

मुलांना कॅट दाखवायचं असेल तर थेट फाटकावर जाऊन उपयोग नाही. शाळेच्या लेटरहेडवर आधी लेखी विचारा आणि सोबत ओळखपत्रं ठेवा.

स्टॉल आवरताना ड्राय आइस बेसिनमध्ये टाकू नका, पाइप तडकतो. गच्चीत उघड्यावर ठेवला की आपोआप उडून जातो. फेल्ट मोकळ्या हवेत वाळवा, आणि ताटातलं पोटॅश परत पिशवीत भरून कोरडं ठेवा. पुढच्या वर्षीही तितकंच टिकटिक करेल, पोटॅशियम-40 चं अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षांचं आहे.