आलेपाक: वडी नीट पडण्यासाठी

पाव किलो कोवळं आलं घ्या. जून आल्याचे दोरे वाटूनही दाताखाली येतात. साल खरवडून, आडव्या पातळ चकत्या करून अगदी थोड्या पाण्यात वाटा. अर्धा किलो साखर घालून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत ढवळा. मिश्रण कडा सोडू लागलं की थेंबभर ताटलीत टाका. निवल्यावर चिकट न राहता गोळी वळली, की उतरवा. मग चमचाभर तूप घालून घट्टसर होईपर्यंत घोटा. हे टाळलं तर वडी चिवट होते, आच जास्त झाली तर भुगा. तूप लावलेल्या ताटात थापून कोमट असतानाच कापा.

खोकला, मळमळ, मंद भूक यांवर एखादी वडी चघळायची जुनी रीत आहे. पित्त असेल तर बेतानंच.