मायकोरायझा मुळाला लागला तरच पैसे वसूल: बी पेरताना आणि रोप लावताना कसा वापरायचा

मायकोरायझा या मुळात राहणाऱ्या बुरशीच्या पावडरीची पिशवी आणायची, पंपात घोळून पानांवर मारायची आणि मग सगळीकडे सांगत फिरायचं की काही फरक पडला नाही, असे लोक दर मोसमात भेटतात. पानावर मारून याचा काडीचा उपयोग नाही. ही बुरशी जिवंत मुळाच्या आत शिरते, झाडाकडून साखर घेते आणि तिचे धागे मूळ जिथे पोचत नाही तिथपर्यंत मातीत पसरून फॉस्फरस ओढून आणतात. फॉस्फरस मातीत जवळजवळ हलतच नाही, त्यात आपली गोव्याची जांभ्याची आम्ल माती, तिच्यातलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला असं धरून ठेवतं की घातलेल्या खतातलं बरंच झाडाला मिळतच नाही. म्हणून इथे ही पावडर खरंच कामाची.

पण सगळ्या पिकांना नाही हां. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी, पालक, बीट यांची मुळं या बुरशीला थारा देत नाहीत, तांबड्या भाजीलाही फारसा फायदा नाही, तिथे पैसे घालू नका. मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी, अळसांदे (चवळी), काकडी, दोडकी, केळी, काजू, आंबा, नारळ, यांना घाला. आणि दुकानदार ट्रायकोडर्मा हातात देऊन "तेच हो ते" म्हणाला तर परत करा, ते तेच नव्हे. ट्रायकोडर्मा रोगाच्या बुरशीशी भांडतो, तो मुळात घर करून फॉस्फरस आणून देत नाही.

पिशवीवरची तारीख बघून घ्या, मातीची तयारी नेहमीसारखी.

बी पेरताना: भेंडी, काकडी, अळसांदे यांसारखं मोठं बी असेल तर खड्ड्यात आधी चिमूटभर पावडर, वर बोटभर सुद्धा नाही इतकी थोडी माती, मग बी. बारीक बी असेल तर पातळ पेजेत जरा ओलं करून पावडरीत घोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. दुकानातलं गुलाबी-निळं रंगवलेलं बी म्हणजे बुरशीनाशक लावलेलं बी, त्याला पावडर फासू नका, पावडर खाली खड्ड्यात टाका.

आता रोपं. बहुतेकांचं इथेच बिनसतं. लावणी झाल्यावर बुंध्याभोवती पावडर भुरभुरवून पाणी सोडतात. अहो, पावडरीतले बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिची बीजं, बॅक्टेरियासारखे सूक्ष्म नसतात, चांगले मोठे असतात, वरून टाकले की वरच्या थरातच अडकून बसतात, त्यात जूनचा पाऊस असेल तर शेजाऱ्याच्या भाटात (बागायतीत) जातात. अंकुर फुटल्यावर जवळपास मूळ सापडलं नाही तर बीजाणू मरतो, त्याला दुसरं खायला काही नाही. मुळाला प्रत्यक्ष लागणं, एवढं एकच काम नीट करायचं आहे.

सगळ्यात चांगली वेळ म्हणजे तरवा टाकताना, म्हणजे लावणीसाठी रोपं तयार करताना. मिरची-वांग्याचा तरवा ट्रेमध्ये करत असाल तर भरायच्या मिश्रणातच पावडर मिसळा किंवा प्रत्येक खाच्यात बियाखाली टाका, म्हणजे महिन्याभराने रोप शेतात जाईल तेव्हा बुरशी मुळात बसलेली असेल. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) स्वतःची अशी बुरशी जवळजवळ नसतेच, त्यामुळे तिथे फरक चांगला दिसतो. लागणारी पावडर पण कमी.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मुळं उघडी असलेली जुडी आणली असेल तर पावडर पाण्यात आणि मूठभर मातीत कालवून दाट काला करा, मुळं त्यात बुडवा आणि लगेच लावा, बुडवून ठेवून जेवायला जाऊ नका. काला मधूनमधून ढवळा, पावडर तळाला बसते. पिशवीतलं कलम असेल, मानकुराद आंब्याचं म्हणा, काजूचं म्हणा, तर पिशवी फाडून मुळं गोल गोल फिरलेली असतील ती बोटांनी मोकळी करा आणि मातीच्या गोळ्याच्या चारी बाजूंना आणि तळाला पावडर चोळा. नुसती खड्ड्याच्या तळाशी टाकली तर मूळ तिथे पोचेपर्यंत उशीर होतो. किती ग्रॅम ते पिशवीवरचं वाचा, कारण मातीत मिसळलेलं उत्पादन चमचाभर लागतं आणि दाट पावडर चिमूटभर पुरते.

यानंतरचे तीन-चार आठवडे हात आवरा. डीएपी, सुपर फॉस्फेट, कोंबडीखत यातलं काही त्या खड्ड्यात नको. डीएपीत ४६ टक्के फॉस्फेट असतं, एवढं आयतं मिळालं की झाड बुरशीला साखर देणं बंद करतं आणि ती मुळात शिरतच नाही. कुजलेलं शेणखत बेताने चालतं. कार्बेन्डाझिमचं ड्रेंचिंग, म्हणजे हे बुरशीनाशक मुळाशी ओतणंही, त्या काळात नको. रोपं कोलमडून मरायला लागली तर मात्र आधी रोपं वाचवा, मायकोरायझा परत आणता येतो.

वायंगणवाल्यांनी, म्हणजे पावसाळी भातानंतर त्याच शेतात दुसरं पीक घेणाऱ्यांनी, तर हे नक्की करावं. या बुरशीला हवा लागते, पावसाळाभर पाणी साचलेल्या भातशेतीत ती खूप कमी होते, मग त्याच जमिनीत मिरची लावली की सुरुवातीला रोपं थबकतात. उलट परसातल्या जुन्या काजूला, आंब्याला पावडर घालणं म्हणजे मांडवी नदीत बादलीभर पाणी ओतणं, त्यांच्या मुळात आधीपासूनच बुरशी आहे.

मुळांवर पांढरं कापसासारखं दिसलं की लोक फोटो पाठवतात, "बघा, लागला मायकोरायझा". तो नव्हे तो. हा मुळाच्या आत असतो, मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तरच दिसतो. घरी खात्री करायची तर एक ओळ बिनपावडरीची सोडा आणि फुलं येईपर्यंत दोन्ही ओळी बघा.

उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत. इथल्या दमट हवेत पिशवी उघडी राहिली तर गठ्ठे होतात, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरलात तर ती सरळ फेकून द्या.