शिडाच्या बोटीवर लांब पल्ल्याचा रेडिओ बसवताना: बॅकस्टे, तांब्याची पट्टी आणि ३० अँपिअर

व्हीएचएफ सेटचा, म्हणजे बोटीवरच्या नेहमीच्या जवळच्या रेडिओचा, पल्ला डोलकाठीच्या उंचीवर ठरतो. बोट ते बोट पंधरा-वीस सागरी मैल बोलणं झालं तरी पुष्कळ. त्यापलीकडे बोलायचं तर एचएफ, म्हणजे खलाशी ज्याला एसएसबी म्हणतात तो सेट लागतो. त्याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून हजारो किलोमीटरवर उतरतात. सॅटेलाइट फोन आल्यावर हा सेट म्हाताऱ्यांचा समजला जाऊ लागला, पण भारतात थुराया किंवा इरिडियमचा फोन सरकारी परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. शिवाय फोन एकाशीच बोलतो, रेडिओवरची हाक ऐकणारे सगळे ऐकतात.

सेट विकत घेणं यातलं सोपं काम. हातात घेतलेला डबा सहसा चांगलाच असतो. आवाज पोचत नाही तो अर्थिंग, वायरिंग आणि बोटीतला विद्युत गोंगाट या तिघांपायी. पुढचे आकडे साधारण १२ मीटर लांबीच्या, एका डोलकाठीच्या फायबरग्लास बोटीचे आहेत. स्टील किंवा ॲल्युमिनियमच्या बोटीत अर्थिंगचा प्रश्न बोटीचं धातूचं अंगच (इंग्रजीत ‘हल’) सोडवून टाकतं.

कागदपत्रं आधी

भारतीय नोंदणीच्या बोटीला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस परवाने देणाऱ्या) शाखेचा परवाना लागतो. सेट परदेशातून आणायचा असेल तर आयातीची परवानगीही. एमएमएसआय हा बोटीच्या रेडिओची ओळख सांगणारा नऊ आकडी क्रमांक भारतीय बोटींसाठी ४१९ ने सुरू होतो. तो सेटमध्ये भरताना दोनदा वाचा; बऱ्याच सेटमध्ये चुकीचा भरलेला क्रमांक मालकाला बदलता येत नाही, विक्रेत्याकडे सेट पाठवावा लागतो. चालवणाऱ्याकडे ऑपरेटरचं प्रमाणपत्रही हवं.

काय काय लागतं

१५० वॅटचा सेट. आयकॉमच्या एम८०२ सारख्या सेटमध्ये मुख्य डबा आणि बटणांचा पॅनेल वेगळे असतात. ही सोय मोठी आहे, कारण डबा कोरड्या, हवेशीर कप्प्यात जातो आणि पॅनेल नकाशाच्या टेबलापाशी. सोबत त्याच कंपनीचा स्वयंचलित ट्यूनर (अँटेना सेटशी जुळवणारा डबा), ट्यूनरची कंट्रोल केबल, ५० ओहमची आरजी-२१३ किंवा आरजी-८एक्स कोएक्स (गाभ्याभोवती जाळी असलेली केबल), ७५ मिमी रुंद तांब्याची पातळ पट्टी, १५ किलोव्होल्टची जीटीओ-१५ वायर (निऑनच्या पाट्यांना लागते तीच), १६ चौरस मिमी तांब्याची टिन केलेली बॅटरी केबल आणि फेराइटची वळी (केबलवरचा रेडिओ गोंगाट अडवणारी कडी). डीएससीची (आकडी संकेतातून येणाऱ्या हाकांची) राखण करणाऱ्या रिसीव्हरला वेगळी छोटी अँटेना लागत असेल तर तीही आत्ताच यादीत घ्या.

अँटेनाची लांबी: आधी गणित, मग कात्री

अँटेना म्हणजे बहुधा बॅकस्टे, डोलकाठीच्या टोकापासून बोटीच्या मागच्या कडेपर्यंत येणारी तार. तिच्यात वर आणि खाली एकेक इन्सुलेटर बसवून मधला भाग वेगळा काढतात. वरचा इन्सुलेटर डोलकाठीच्या टोकापासून साधारण ३० सेंटिमीटरवर येतो. खालचा डेकपासून दोन मीटर उंच ठेवा, म्हणजे प्रसारण चालू असताना कोणाचा हात लागणार नाही. या तारेवर आरएफचा (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या विजेचा) चटका बसतो, आणि तो त्वचेच्या आत भाजतो.

लांबी किती? ट्यूनरच्या टोकापासून वरच्या इन्सुलेटरपर्यंत सगळं धरायचं, जीटीओ वायरसकट. ही लांबी वापरायच्या कोणत्याही फ्रिक्वेन्सीच्या अर्ध्या तरंगलांबीएवढी किंवा तिच्या पटीत येऊ नये. तसं झालं तर ट्यूनरच्या टोकाशी हजारो ओहमचा रोध आणि प्रचंड व्होल्टेज तयार होतं. ट्यूनर जुळवत राहतो, रिले टकटकत राहतात, पण जमत नाही. अर्धी तरंगलांबी काढायला १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागा. १२.२९ मेगाहर्ट्झला ती ११.६ मीटर येते, ८.२९१ ला १७.२ आणि १६.४२ ला ८.७. म्हणजे ११.६ मीटरची सुबक दिसणारी अँटेना १२ मेगाहर्ट्झच्या संकटकालीन वाहिनीवर नेमकी अडणार. १३ मीटर घेतली तर अडचण १०.९६ आणि २१.९ मेगाहर्ट्झपाशी जाते. आपल्या रोजच्या वाहिन्या तिथे नाहीत, त्यामुळे अशा बोटीला १३ मीटर सोयीची.

बॅकस्टे कापायला मन धजत नसेल तर धजवू नका. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारेत चार नवे जोड आणि दोन इन्सुलेटर घालणं म्हणजे तुटायला सहा नव्या जागा. पातळ डायनीमा दोरीच्या पोटातून जीटीओ वायर ओवून ती बॅकस्टेच्या बाजूने, तिच्यापासून शक्य तितकी दूर, हॅलिअर्डने (शीड चढवायच्या दोरीने) वर चढवली तरी काम भागतं. खर्च कमी, बिघडली तर खाली उतरवता येते. आमचा कल याच पद्धतीकडे आहे. बॅकस्टे नाहीतरी बदलायचीच असेल तर मात्र इन्सुलेटर घालून घ्या.

ट्यूनर ते बॅकस्टे

ट्यूनर अँटेनाच्या पायाशी, मागच्या साठवणीच्या कप्प्यात उभा बसवा, केबलची तोंडं खाली. त्याच्या सिरॅमिक टोकापासून निघालेली वायर हीसुद्धा अँटेनाच आहे. म्हणून इथे कोएक्स वापरू नका; जाळीत सगळी शक्ती अडकते. मोटारीच्या स्पार्कप्लगची वायरही नको, तिचा गाभा बहुधा कार्बनचा असतो. वायर डेकमधून बाहेर काढून बॅकस्टेच्या खालच्या, इन्सुलेटरखालच्या भागालगत वर नेताना ती तारेला चिकटवून टेपने गुंडाळायची नाही. पीव्हीसी नळीचे पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे आडवे घालून अंतर राखा. मागचा स्टीलचा कठडाही टाळा.

वायर आणि बॅकस्टे यांचा जोड ही कोकणच्या हवेत सगळ्यात आधी सडणारी जागा. तार सँडपेपरने चकचकीत घासा, स्टेनलेसच्या क्लॅम्पने घट्ट आवळा, वर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलांसारखे एकमेकांवर बसतात. वायर जोडाच्या खालून वर यायला हवी. वरून खाली आणली तर आवरणाच्या आतून पाणी झिरपत ट्यूनरपर्यंत जातं. पावसाळ्यानंतर टेप सोडून पाहा. तांबं हिरवं झालं असेल तर काळी तार येईपर्यंत नव्हे, लखलखीत तार येईपर्यंत कापा.

न दिसणारी अर्धी अँटेना

बॅकस्टे डोळ्यांना दिसते म्हणून लोक तिच्यावर पैसे घालतात. दुसरी अर्धी अँटेना म्हणजे समुद्र, आणि त्याच्याशी दुवा जोडते ती तांब्याची पट्टी. इथे गोल वायर चालत नाही, ती कितीही जाड असली तरी. ८ मेगाहर्ट्झचा प्रवाह तांब्याच्या वरच्या ०.०२३ मिमी थरातूनच वाहतो. जाडीचा उपयोग नाही, रुंदीचा आहे: रुंद पट्टीचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) कमी असतो.

ट्यूनरच्या अर्थ टर्मिनलपासून पाण्याखालच्या जवळच्या कांशाच्या थ्रू-हलपर्यंत (बोटीच्या अंगातून आरपार जाणाऱ्या नळीच्या तोंडापर्यंत) ७५ मिमीची पट्टी न्या, शक्यतो दीड मीटरच्या आत. वळण हवं तिथे पट्टी कापू नका, ४५ अंशात घडी घाला. थ्रू-हल कोरडा पुसून, घासून, पट्टी क्लॅम्पखाली दाबा. जवळ थ्रू-हल नसेल तर हलच्या आतून वायरी पसरा: प्रत्येक बँडसाठी चौथाई तरंगलांबीची, म्हणजे ४ मेगाहर्ट्झला १७.३ मीटर, ६ ला ११.५, ८ ला ८.६, १२ ला ५.८, १६ ला ४.३. त्या नागमोडी गेल्या तरी चालतं. टोकं मात्र इन्सुलेट करा, तिथे व्होल्टेज जास्त असतं. नळीत भरलेला अशा वायरींचा तयार गठ्ठाही मिळतो.

पट्टीने एक नवा धोका येतो. वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात असताना ती त्यांना डीसीनेही जोडते आणि गंज सुरू होतो. उपाय असा: पट्टी एका ठिकाणी दोन-तीन मिमी कापून फटीवर ०.१ मायक्रोफॅरडचे चार-पाच सिरॅमिक कॅपॅसिटर शेजारी शेजारी सोल्डर करा. आरएफ पार जातो, डीसी अडतो. ॲल्युमिनियमच्या सेलड्राइव्हला (इंजिनापासून तळाखालच्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या खांबाला) पट्टी थेट जोडू नका.

वीज

पूर्ण शक्तीवर सेट ३० अँपिअरपर्यंत ओढतो आणि १३.६ व्होल्टवर तो खरा खुलतो. बॅटरी सेटपासून सहा मीटरवर असेल तर जायचा-यायचा रस्ता बारा मीटर. १० चौरस मिमीच्या केबलमध्ये ३० अँपिअरला ०.६३ व्होल्ट गळतात, १६ चौरस मिमीमध्ये ०.३९. फरक किरकोळ वाटतो, पण रात्रभर चार्जिंग न झालेली बॅटरी भाराखाली १२ व्होल्टवर येते, तिथून ०.६३ वजा केले की ११.४ राहतात, आणि १३.६ व्होल्टच्या सेटची खालची मर्यादा साधारण ११.६ असते. मग तुमचा आवाज शब्दागणिक थरथरतो. तुम्हाला तो ऐकू येत नाही, पलीकडच्याला तुमचे शब्द कळत नाहीत.

केबल थेट बॅटरीपासून आणा, स्विच पॅनेलमधून नव्हे. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा फ्यूज, आणि सेटसोबत आलेल्या वायरीवरचे फ्यूज आहेत तिथेच राहू द्या. क्रिंप केलेल्या लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर) हीट-श्रिंक चढवा. पॅनेल आणि स्पीकर होकायंत्रापासून मीटरभर दूर. स्पीकरच्या चुंबकाने सुई हलते.

फेराइट आणि वेडा ऑटोपायलट

माइकचं बटण दाबलं की बोट आपोआप वळते? ही जुनी, ओळखीची तक्रार आहे. आरएफ ऑटोपायलटच्या वायरींत शिरतो आणि त्याचा संगणक भलताच कोन वाचतो. कोएक्स, कंट्रोल केबल आणि डीसी केबल यांच्या दोन्ही टोकांना, तसंच ऑटोपायलटच्या कंपास केबलला मिक्स ३१ या मिश्रणाची फेराइट वळी घाला. केबलवर एकदाच चिमटलेलं वळं फारसं काही करत नाही. मोठं वळं घेऊन त्यातून केबलचे पाच वेढे काढा, कारण परिणाम वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: पाच वेढ्यांना पंचवीस पट.

तपासणी

मरिनामध्ये नको, तिथे शेजारच्या चार्जरांचा गोंगाट असतो. मांडवीच्या मुखाबाहेर किंवा कुठल्याही शांत खाडीत नांगर टाका आणि सेट सोडून सगळं बंद करा. १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम केंद्राच्या वेळेच्या ठोक्यांसाठी कान द्या. आता एकेक वस्तू चालू करा: फ्रिज, एलईडी दिवे, सोलर कंट्रोलर, इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर. सेटचा मीटर कोणत्या वस्तूला उडी मारतो ते वहीत लिहा. बहुतेकदा गुन्हेगार स्वस्तातला एलईडी किंवा सोलर कंट्रोलर निघतो. त्याला फेराइट लावा, नाही जमलं तर रेडिओच्या वेळेपुरता बंद ठेवा.

मग कमी शक्तीवर, २० वॅटला, प्रत्येक बँडवर ट्यून करा. दोन-तीन सेकंदांत जुळलं पाहिजे. एकच बँड अडला तर लांबीचं गणित पुन्हा तपासा. सगळे अडले तर अर्थिंग किंवा जीटीओचा जोड. त्यानंतर १५० वॅटवर माइकमध्ये लांब ‘आऽऽऽ’ म्हणा आणि दुसऱ्याला सेटच्या मागच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरायला सांगा. इंजिन बंद असताना १२ च्या खाली गेलं तर केबलचे जोड चाचपा. जो गरम लागेल तो दोषी.

चाचणीची हाक बोट ते बोट वाहिन्यांवर द्या, उदाहरणार्थ ८२९४ किंवा १२३५३ किलोहर्ट्झ, अप्पर साइडबँड. २१८२, ४१२५, ६२१५, ८२९१, १२२९० आणि १६४२० या संकटाच्या वाहिन्या चाचणीसाठी नाहीत. शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या मित्राला दिवसा १२ मेगाहर्ट्झवर तुमचा आवाज मिळाला नाही म्हणून सेट उघडू नका. लहर त्याच्या डोक्यावरून पुढे जाऊन उतरते. हजार किलोमीटरवरच्या कोणाला तरी विचारा. ढोबळ हिशेब असा: रात्री ४ आणि ६, दिवसा ८, १२ आणि १६.

डोलकाठी गेली तर

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात भारतीय खलाशी अभिलाष टॉमी यांच्या, गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ बोटीची वादळात डोलकाठी मोडली. त्यांचे संदेश बाहेर गेले ते उपग्रहावरून मजकूर पाठवणाऱ्या यंत्रावरून. डोलकाठी पडली की बॅकस्टेही जाते, आणि सर्वात जास्त गरज असतानाच एचएफ मुका होतो. म्हणून दहा मीटर इन्सुलेटेड वायर, एका टोकाला लग आणि दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची कडी व पाच मीटर दोरी, असं वेटोळं ट्यूनरच्या शेजारीच टांगून ठेवा. मोडक्या काठीच्या बुंध्यावर, बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी) उभा करून, निदान नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) मागच्या कठड्यापर्यंत ती जमेल तितकी उंच ताणायची. नांगरावर असताना दिवसाउजेडी एकदा तसं करून ट्यून करून पाहा. ट्यूनरच्या टोकावरचा नट ज्या मापाच्या पान्याने निघतो तो पाना त्याच वेटोळ्याला दोरीने बांधून ठेवा. अंधारात, पाण्याने भरलेल्या कप्प्यात पानापेटी सापडत नाही.