पोरांना मातीत खेळू द्या, पण माती निवडून

उभी हयात बालवाडीत गेली, त्यामुळं "बाई, याला मातीत खेळू देऊ का?" असं कुणी ना कुणी मला अजूनही रस्त्यात थांबवून विचारतं. द्या की! पण आधी माती कुठली ते ठरवा. गटारीकडेची, गाड्यांचं तेल सांडलेली, तणनाशक मारलेली, कुत्र्या-मांजरांनी घाण केलेली माती नको. कामाची माती झाडाखाली सापडते. पालापाचोळा कुजून काळपट, भुसभुशीत झालेली, हातात घेतली की वळवाच्या पावसाचा वास येणारी. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. मातीतले जिवाणू ते तयार करतात, म्हणजे माती जिवंत असल्याची ही खूणच.

कोल्हापुरात माती म्हटलं की तालीम आठवते. "आमच्या आजोबांनी तालमीच्या हौद्यातली माती अंगाला फासली, कधी आजारी पडले नाहीत," हे मी लई ऐकलंय. पण त्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात, ती कुस्तीसाठी कमावलेली असते. तिथं अंगाला अंग घासून गजकर्णही पसरतं. मला हवी ती माती वेगळी, तिच्यात नाना तऱ्हेचे जिवाणू नांदत असतात.

कशासाठी, ते थोडक्यात. १९८९ साली डेव्हिड स्ट्राचन या ब्रिटिश संशोधकानं दाखवलं की ज्या घरात भावंडं जास्त, तिथल्या मुलांना परागकणांची ॲलर्जी कमी. त्यावरून 'अतिस्वच्छतेमुळं ॲलर्जी' असा अर्थ निघाला आणि काहींनी हात धुणंच सोडलं. ते चुकीचं. पुढं ग्रॅहम रूक या संशोधकानं मांडलं की आजाराचे जंतू नव्हे, तर माती, झाडं, जनावरं यांच्यातल्या ज्या निरुपद्रवी जिवांसोबत माणूस हजारो वर्षं राहिला, ते महत्त्वाचे. त्यांच्यामुळं शरीरातल्या नियामक टी पेशी तयार होतात. त्यांचं काम वस्तादाचं: प्रतिकारशक्तीचा पैलवान धुळीवर नि शेंगदाण्यावरही धावून जायला लागला की त्याला आवरायचं.

फिनलंडमध्ये काही बालवाड्यांच्या अंगणात जंगलातली माती नि हिरवळ आणून टाकली. २०२० साली निष्कर्ष आले: २८ दिवसांत तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या कातडीवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या खुणा वाढल्या. २०२२ चा प्रयोग मला जास्त आवडला. खेळायच्या वाळूत एकीकडं जिवाणूंनी भरलेली माती मिसळली, दुसरीकडं दिसायला तशीच पण जिवाणूंच्या बाबतीत गरीब. फरक दिसला तो पहिल्या गटात. म्हणून म्हणते, माती निवडा. हे प्रयोग लहान आहेत. मातीनं दमा बरा होतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, चालू औषधं बंद करू नका.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट घ्या, आत पोतं अंथरा. दोन घमेली बागेतली माती, एक घमेलं पालापाचोळ्याचं खत. खत पुरतं कुजलेलं हवं: पान ओळखू येता कामा नये, हाताला गरम लागू नये, कुबट वास नको. ताजं शेण लहान मुलांच्या मातीत घालू नका. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसाही चालणार नाही, ते स्वच्छ दिसतं म्हणून सगळ्यांना आवडतं, पण त्यात जिवाणूंचा तो गोतावळा नसतो. खताची पिशवी गॅलरीत उघडा, आपलं तोंड लांब ठेवा, पाणी शिंपडा, म्हणजे धुरळा नाकात जात नाही. ओल बघायला मूठ दाबा. लाडू वळला आणि बोटानं टोचल्यावर फुटला की झालं. लाडू फुटतच नाही, चिखल होतोय, तर पाणी जास्त झालं. रात्री वर जाळी टाका, नाहीतर शेजारचं मांजर त्यात आपली सोय करतं. अधूनमधून मूठभर वाळलेली पानं मिसळत राहा.

आता मुलाला 'खेळ' म्हणून सोडू नका, काम द्या. मेथी पेरायला सांगा. तीन-चार दिवसांत कोंब येतात, तेवढा धीर चार वर्षांच्या पोराला असतो. माती चाळू दे, गांडूळ तळहातावर घेऊ दे, रोपाची मुळं बोटानं मोकळी करू दे. रोज थोडा वेळ, हे आठवड्यातून एकदा धुडगूस घालण्यापेक्षा बरं.

काम झालं की साधा साबण आणि पाणी. जंतुनाशक साबणाची गरज नाही, पण जेवणाआधी आणि संडासनंतर हात धुणं सुटता कामा नये. नखं कापलेली हवीत. उघड्यावर शौच होते त्या भागात अनवाणी सोडू नका, अंकुशकृमी नावाचे जंत तळव्यातून शिरतात. अंगणवाडीत, शाळेत मिळणारी जंताची गोळी चुकवू नका. धनुर्वाताच्या लसी बघून घ्या: दीड-दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. पंचगंगेचा पूर ओसरल्यावरचा गाळ म्हणजे खेळायची माती नव्हे. २०१९ आणि २०२१ ला आपण पाहिलंय काय काय वाहून येतं, आणि लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप, त्याच पाण्या-चिखलातून होतो.

जनावरांचा सहवास चांगला, तरी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरचं धारोष्ण दूध मी नातवंडांना देत नाही. म्हैस बघू दे, हात लावू दे, दूध मात्र घरी उकळून. यावरून माझे नि घरच्यांचे दर बेंदराला वाद होतात.

केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेह असेल तर अनवाणी नकोच, गरोदर बाईनं हातमोजे घालावेत.

क्रेटलाही जागा नसेल तर टाऊन हॉलच्या बागेत जा, नाहीतर विद्यापीठाच्या आवारात. जुन्या झाडाखाली बसा, पानं उचला, खाली काय वळवळतं ते पोराला बघू द्या. पांढरी पॅन्ट घालून नेऊ नका, म्हणजे तुमचंही लक्ष डागांवर राहणार नाही.