लेव्हल शिफ्टर थंडीत अडकला तेव्हा: माझा अनुभव
बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी बसून मी एका चिपसाठी १.२ व्होल्टचा संकेत ३.३ व्होल्टपर्यंत नेणारा लेव्हल शिफ्टर आखला होता. नेहमीच्या तापमानाला तो निर्दोष चालला. परंतु मंद एनमॉस (व्होल्टेज खाली ओढणारा ट्रान्झिस्टर), जलद पीमॉस (ते वर ओढणारा ट्रान्झिस्टर), उणे ४० अंश सेल्सिअस आणि १.२ ऐवजी १.०८ व्होल्टचा पुरवठा असे सिम्युलेशन लावताच खाली येऊ पाहणारा नोड (सर्किटमधला जोडबिंदू) अर्ध्या वाटेतच थबकला.

जाड ऑक्साइडच्या (म्हणजे गेटखालचा विद्युतरोधक थर जाड असल्याने जास्त व्होल्टेज सोसणाऱ्या) एनमॉसचा थ्रेशोल्ड (तो सुरू होण्यासाठी लागणारे व्होल्टेज) सुमारे ०.७ व्होल्ट होता आणि थंडीत तो आणखी चढतो, त्यामुळे त्याच्या हाती जेमतेम ०.३ व्होल्टचा जोर उरत होता, तर समोरच्या पीमॉसच्या गेट आणि सोर्समध्ये (ज्या दोन टोकांमधील व्होल्टेजवर ट्रान्झिस्टरचा जोर ठरतो) जवळजवळ पूर्ण ३.३ व्होल्ट होते. ही झुंज विषम होती. आधी मी एनमॉस नुसता रुंद करत गेलो, ते चुकले. कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढून विलंबच वाढला.

शेवटी पीमॉसची चॅनेल लांबी (प्रवाहाच्या मार्गाची लांबी) वाढवून तो दुबळा केला, पातळ ऑक्साइडचा, कमी थ्रेशोल्डचा एनमॉस घेतला आणि त्याला ३.३ व्होल्ट सोसावे लागू नयेत म्हणून वर जाड ऑक्साइडचा नेटिव्ह (जवळजवळ शून्य थ्रेशोल्डचा) ट्रान्झिस्टर बसवला. १.२ व्होल्टचा पुरवठा आधी गेल्यास दोन्ही इनपुट (संकेत आणि त्याचे उलट रूप) शून्यावर येऊन आउटपुट अनिश्चित होते, म्हणून ३.३ व्होल्टच्या बाजूने नियंत्रित होणारा एक छोटा पुल-डाउनही (व्होल्टेज शून्याकडे ओढणारा ट्रान्झिस्टर) जोडला. हा भाग अनेकजण विसरतात, याचे मला फार वाईट वाटते.