आयमॅक जी३ पुन्हा उभा करताना: आधी ओळख, मग पाना

माझ्या टेबलावर अ‍ॅपलचे दोन जुने संगणक, आयमॅक जी३, शेजारी शेजारी बसलेत. पडदा आणि यंत्र एकाच खोक्यात. एक १९९८ चा बाँडाय निळा, सीडीचा ट्रे पुढे येणारा. दुसरा ४०० मेगाहर्ट्‌झचा ‘डीव्ही’ मॉडेल, त्याच्या तोंडात सीडी नुसती सरकवायची. बाहेरून सख्खी भावंडं. म्हणून मी निळ्याची रॅम वाढवायला डीव्हीतल्यासारखीच पट्टी घेऊन बसले, झाकण काढलं, आतला भाग बाहेर ओढला, आणि पट्टी स्लॉटच्या जवळजवळ दुप्पट लांब निघाली. तो आख्खा दिवस वाया गेला. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: यंत्र नक्की कुठलं ते कागदावर लिहायचं, मगच सुटे भाग गोळा करायचे, आणि स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.

ओळख सोपी आहे. सीडीचा ट्रे बाहेर येत असेल तर ते ऑगस्ट १९९८ ते ऑक्टोबर १९९९ पर्यंतचं मॉडेल. बाँडाय निळा असेल तर २३३ मेगाहर्ट्‌झ, आणि पुढे इन्फ्रारेडची छोटी काळी खिडकी असते. ब्लूबेरी, ग्रेप, टँजरीन, लाइम, स्ट्रॉबेरी या पाच रंगांतला असेल तर २६६ किंवा ३३३. बाँडाय निळ्यांतही दोन पिढ्या आहेत. पहिलीत एटीआय रेज टू-सी ग्राफिक्स चिप आणि २ एमबी व्हिडिओ मेमरी, दुसरीत रेज प्रो आणि ६ एमबी. पहिल्या पिढीतली व्हिडिओ मेमरी रिकाम्या स्लॉटमध्ये ४ एमबीची पट्टी बसवून ६ पर्यंत नेता येते. पडद्यावर १०२४ बाय ७६८ मध्ये पूर्ण रंग हवे असतील तर हा छोटासा बदल फार उपयोगी पडतो.

सीडी फटीतून आत जात असेल तर यंत्र ऑक्टोबर १९९९ नंतरचं. इथे एकच गोष्ट बघा: बाजूच्या पोर्टांमध्ये फायरवायर (बाहेरची डिस्क, कॅमेरा जोडायचं वेगवान पोर्ट) आहे का? ३५० मेगाहर्ट्‌झच्या मॉडेलला ते नाही, डीव्ही आणि त्यापुढच्यांना दोन आहेत. पुढचे बरेच निर्णय या एका पोर्टावर ठरतात. आणि या फटीत ८ सेंटिमीटरची छोटी सीडी कधीही घालू नका, ती आत अडकते.

यंत्र चालू होत असेल तर अ‍ॅपल सिस्टिम प्रोफाइलर उघडून फर्मवेअरचा (बोर्डातच बसवलेल्या, यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) क्रमांक, रॅमचा आकडा आणि डिस्कचा आकार लिहून घ्या. त्यातला फर्मवेअरचा क्रमांक सगळ्यात महत्त्वाचा, त्याकडे परत येते.

फर्मवेअर, आणि तेही जुनी डिस्क असतानाच

इथे बहुतेकांचा क्रम उलटा होतो. यंत्र हातात आलं की पहिली इच्छा होते कुरकुरणारी हार्ड डिस्क फेकून नवं काहीतरी बसवायची. थांबा. फटवाल्या आयमॅकवर मॅक ओएस एक्स १०.२ किंवा पुढचं काही चढवायचं असेल तर आधी फर्मवेअर ४.१.९ असलं पाहिजे. ते नसताना इन्स्टॉल केलं की पडदा काळा पडतो. आत यंत्र चालू असतं, डिस्कचा आवाज येत असतो, आणि दिसत काहीच नाही. तिथून परत येणं अतिशय त्रासाचं आहे.

हे अपडेट चालतं ते फक्त मॅक ओएस ९ मधून, आणि ओएस ९ यंत्रातल्याच डिस्कवरून सुरू झालेलं असावं लागतं, सीडीवरून नाही. म्हणजे ज्या जुन्या डिस्कवर ओएस ९ अजून जिवंत आहे ती काढून टाकली की हीच वाट बंद झाली. अपडेटरने यंत्र बंद केलं की बाजूचं प्रोग्रामर बटण दाबून धरून पॉवर द्यायची आणि लांबलचक सूर ऐकू येईपर्यंत बटण सोडायचं नाही. मध्येच वीज जाणार नाही एवढी खात्री करून घ्या. ट्रेवाल्यांसाठी फर्मवेअर वेगळं आहे, १.२. दोन्हींची अदलाबदल होत नाही.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. नवं फर्मवेअर रॅम काटेकोरपणे तपासतं. कालपर्यंत बिनबोभाट चाललेली एखादी पट्टी अपडेटनंतर मोजणीतून गायब होऊ शकते. पट्टी मेली असं समजू नका, ती नियमांत बसत नाही एवढंच.

सेल

आतमध्ये ३.६ व्होल्टचा, अर्ध्या एए आकाराचा लिथियम सेल आहे. इतक्या वर्षांनी मूळ सेल अजून आत असेल तर तो आजच काढा (यंत्र उघडायची रीत पुढे रॅमच्या भागात आहे). तो फुटला की आतलं द्रव बोर्डावरचे तांब्याचे रस्ते खाऊन टाकतं, आणि तसा बोर्ड वाचवणं घरच्या माणसाचं काम नाही. तारीख दरवेळी मागे जात असेल, यंत्र सुरू व्हायला कुरकुर करत असेल, तर दोष बहुतेक वेळा याच सेलचा असतो. कित्येक जी३ ‘बंद पडले’ म्हणून टाकून दिलेले मी पाहिले आहेत, त्यांना फक्त हा सेल हवा होता. हाच आकार, हाच व्होल्टेज बघून घ्या. साधा १.५ व्होल्टचा सेल चालणार नाही आणि अधिक-उणे उलटं करायचं नाही.

सेल बदलल्यावर लॉजिक बोर्डवरचं रीसेटचं छोटं बटण एकदा दाबायचं. एकदाच. फटवाल्यांत लागोपाठ दोनदा दाबलं तर पॉवर सांभाळणारी चिपच गोंधळते. मग सुरू करताना कमांड-ऑप्शन-पी-आर या चार कळा दाबून धरा आणि सुरुवातीचा सूर दोन-तीनदा वाजू द्या.

रॅम

एकाच बदलाने सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे.

फटवाला उघडायला सगळ्यात सोपा. जाड मऊ टॉवेल पसरा, यंत्र त्यावर पडदा खाली करून ठेवा, तळाशी छोटं दार दिसेल. त्याची कडी नाण्याने फिरते. आत दोन स्लॉट, १६८ पिनांच्या पीसी१०० पट्ट्यांसाठी. पीसी१३३ घातली तरी चालते, ती १०० वरच धावते. दोन ५१२ घालून १ जीबी होते, आणि तीच कमाल.

ट्रेवाल्याला वेळ द्या. यात १४४ पिनांच्या छोट्या पट्ट्या लागतात, लॅपटॉपसारख्या. तळाचं झाकण एका स्क्रूवर असतं. तो काढून झाकण ओढताना हात हलका ठेवा, जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि त्याच्या दातऱ्या टचकन मोडतात. खोली गार असेल तर यंत्र आधी तासभर उबदार जागी ठेवावं. मग दिसतात त्या वायरी सोडवायच्या, पण सोडवण्याआधी मोबाईलने दोन बाजूंनी फोटो काढून ठेवायचे. मी स्क्रू प्रत्येक टप्प्याचे वेगळ्या झाकणात ठेवते आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवते. त्यानंतर हँडल धरून आख्खा बोर्ड ड्रॉवरसारखा बाहेर येतो. पिक्चर ट्यूब मागे खोक्यातच राहते. त्या पोकळीत हात घालायचा नाही, कशासाठीही नाही. प्लग काढल्यानंतरही ट्यूबमध्ये विद्युतभार राहतो, आणि चालू असताना तिथला दाब २० हजार व्होल्टच्या पुढे असतो.

बोर्डावर धातूचं झाकण, त्याखाली प्रोसेसरचं वेगळं कार्ड. रॅमचा एक स्लॉट कार्डाच्या वर आहे, दुसरा कार्डाच्या पोटाशी. वरचा भरणं पाच मिनिटांचं काम. खालच्यासाठी कार्डच उपसावं लागतं, आणि तिथे उंची कमी असल्याने आखूड पट्टीच बसते. कार्ड परत लावताना दोन्ही अंगठ्यांनी सरळ, सारखा दाब द्या. ते नीट बसलं नाही तर यंत्र सूरसुद्धा देत नाही आणि काळजाचा ठोका चुकतो.

आता चिपांची मोजणी. ट्रेवाल्यांना २५६ एमबीची पट्टी चालते, म्हणजे दोन मिळून ५१२, पण पट्टीवर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिपा असाव्या लागतात. ८ चिपांची २५६ ची पट्टी यातला मेमरी कंट्रोलर अर्धीच ओळखतो, म्हणजे १२८. माझ्या निळ्यात मी पहिल्यांदा तीच घातली आणि पट्टी सदोष समजून बसले होते. पट्टी चांगली होती, मी चिपा मोजल्या नव्हत्या. फटवाल्यांच्या ५१२ च्या पट्ट्यांनाही १६ चिपा बघूनच घ्या.

एका वेळी एकच पट्टी घाला, यंत्र चालू करून आकडा बघा, मग दुसरी. दोन्ही एकदम घातल्या आणि काही बिघडलं तर कुणामुळे ते कळत नाही.

डिस्क

इथली डिस्क म्हणजे ४० पिनांची आयडीई, डिस्क जोडायची जुनी पद्धत. मूळ निळ्यात ती ४ जीबीची होती. नवी आयडीई डिस्क शोधत बसण्यापेक्षा आयडीईला साटा (त्यानंतरची पद्धत) जोडणारा अडॅप्टर आणि छोटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क), किंवा कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणि त्याचा अडॅप्टर, हे दोन्ही मार्ग बरे. फटवाल्यात पंखाच नाही. गरम हवा वर चढून वरच्या भोकांतून निघून जाते एवढीच सोय. त्यामुळे तिथे एसएसडीचा फायदा दुहेरी आहे: डिस्कची उष्णता जाते आणि यंत्र अक्षरशः मुकं होतं. मी पहिल्यांदा डीव्ही एसएसडीवर सुरू केला तेव्हा तो चालू आहे की नाही हे बघायला वाकून दिव्याकडे पाहिलं.

मर्यादा दोन. एक, ही यंत्रं १२८ जीबीच्या पुढची जागा ओळखत नाहीत, तेव्हा ६० किंवा १२० चा एसएसडी पुष्कळ झाला. दोन, ट्रेवाल्यांवर ओएस एक्स घालायचं असेल तर ते ज्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागावर) जाईल ते डिस्कच्या पहिल्या ८ जीबीच्या आत पूर्णपणे बसलं पाहिजे. मी ७ जीबीचं पहिलं पार्टिशन करते, उरलेलं वेगळं. अडॅप्टरवर मास्टर-स्लेव्हचा जंपर (पिना जोडणारा छोटा तुकडा) असतो, तो जुन्या डिस्कवर होता तसाच लावा.

फटवाल्यात डिस्कपर्यंत पोचायला तळाचं कवच आणि त्याखालची भोकाभोकाची धातूची चादर काढावी लागते. इथे तुम्ही ट्यूबच्या जवळ असता. प्लग काढून यंत्र निदान एक दिवस तसंच ठेवा, अंगठी-बांगड्या उतरवा, आणि ट्यूबकडे जाणाऱ्या जाड वायरीला किंवा तिच्या रबरी टोपीला शिवू नका. हात धजत नसेल तर डिस्क राहू द्या. डीव्हीला फायरवायरवरच्या बाहेरच्या डिस्कवरून सुरू करता येतं आणि रोजच्या वापराला तेही चांगलं चालतं.

जुन्या डिस्कवरचं सामान काढायला फायरवायरवाल्यांना सोय आहे. सुरू करताना टी दाबून धरा, आख्खा आयमॅक दुसऱ्या मॅकला बाहेरची डिस्क म्हणून दिसतो. ट्रेवाल्यांसाठी मी इथरनेट वापरते. यूएसबी इथे १.१ आहे, १२ मेगाबिटची. १ जीबी न्यायला पंधरा मिनिटं सहज जातात, आणि हा वेग कुठल्याही भागाने वाढत नाही.

कुठली सिस्टिम

ट्रेवाले आणि फायरवायर नसलेला ३५० हे १०.३.९ पर्यंत जातात, फायरवायरवाले १०.४.११ पर्यंत. जातात म्हणजे तिथे सुखी असतात असं नाही. माझं स्पष्ट मत आहे की २३३ ते ३३३ वर ९.२.२ च ठेवावं. २५६ एमबीमध्ये ते यंत्र इतकं चटपटीत वागतं की त्याच्यावर १०.३ लादणं म्हणजे चांगल्या धावणाऱ्याच्या पाठीवर पोतं देणं. डीव्हीवर १ जीबी आणि एसएसडी असेल तर १०.४ खरोखर वापरण्याजोगी चालते, आणि ओएस ९ शेजारच्या पार्टिशनवर राहतंच.

प्रोसेसरच्या मागे लागू नका. ट्रेवाल्यांसाठी सॉनेटचं हार्मनी नावाचं कार्ड निघालं होतं. ते वेग वाढवायचं आणि फायरवायरही द्यायचं. मिळालं तर जरूर घ्या, पण मिळण्याची वाट बघत यंत्र उघडं ठेवू नका. फटवाल्यांत प्रोसेसर बोर्डालाच जडलेला आहे. बाँडाय निळ्या मॉडेलांत जादा कार्डासाठी मेझनिन स्लॉट होता, त्यात व्हूडू२ चं ग्राफिक्स कार्ड बसायचं. त्याचंही हार्मनीसारखंच: मिळालं तर घ्या, वाट बघत बसू नका.

जी३ जमला की पुढे बहुतेकांना दिव्यासारखा वाकणारा आयमॅक जी४ खुणावतो. त्याच्या तळाची पहिली चकती काढली की रॅमचा एक स्लॉट समोर येतो, तिथपर्यंत निर्धास्त जा. दुसरी पट्टी आणि डिस्क त्याच्या आत आहेत, आणि तळ उघडला की प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या नळीचा सांधा सुटतो. तो पुसून ताजी थर्मल पेस्ट लावल्याशिवाय तळ बंद केलात तर प्रोसेसर तापून यंत्र बंद पडेल. पेस्टची नळी आधी हातात, मग स्क्रू.

सगळं जोडून झालं की झाकण लगेच कसू नका. पहिल्यांदा चालू करा, रॅमचा आकडा आणि डिस्कचं नाव कागदावरच्याशी ताडून बघा, बंद करा, मग स्क्रू लावा. नंतर यंत्र दोन तास चालू ठेवून त्याच खोलीत काहीतरी करत बसा. वरच्या भोकांवर तळहात धरला तर ऊब लागली पाहिजे, चटका नाही. टिकटिक ऐकू आली, पडद्याचं चित्र आकसलं-फुगलं किंवा जळका वास आला तर सरळ प्लग काढा. तो बिघाड ट्यूबला वीज पुरवणाऱ्या बोर्डातला आहे, आणि ते काम पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त केलेल्या माणसाच्या हातात द्यायचं.