पापण्यांची जुनाट सूज: रोजची निगा कशी राखावी आणि लागू पडणारा उपचार कसा शोधावा

सकाळी डोळा उघडायला जावं तर पापण्या एकमेकींना चिकटलेल्या. कडेला पिवळसर खपल्या, आणि पाणी लावून उघडल्यावर आत वाळू गेल्यासारखं खुपणं. दुपारी जरा बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा चुरचुर. कडा लाल, जड, खाजऱ्या. मधूनच एखादी रांजणवाडी.

माझी पहिली दोन वर्षं हे ‘डोळे आलेत’ असं समजण्यातच गेली. दर वेळी अँटिबायोटिकचे थेंब, आठवडाभर आराम, बाटली संपली की पुन्हा तेच. शेवटी एका डॉक्टरांनी माझी खालची पापणी बोटाने हलकेच दाबली आणि काय बाहेर आलं ते मशीनला जोडलेल्या स्क्रीनवर दाखवलं. तिथे तेलाचा पातळ थेंब यायला हवा होता. आला तो टूथपेस्टसारखा घट्ट, पांढरा धागा. “हे ब्लेफरायटिस, म्हणजे पापण्यांच्या कडांची सूज आहे,” ते म्हणाले. “कायमचं जाईल असं सांगत नाही, पण ताब्यात राहील.” त्या दिवशी मी खचले होते. आज वाटतं, एवढं स्पष्ट कोणी आधीच सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. दात जसे रोज घासतो तशी पापण्यांची निगा रोज राखायची, हे एकदा मनाने घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आधी आपला प्रकार ओळखा

पापणीच्या कडेवर दोन वेगळ्या जागा असतात. पुढच्या बाजूला केसांची मुळं, आणि त्यांच्या मागे, डोळ्याला टेकणाऱ्या भागात, तेलग्रंथींची तोंडं. या ग्रंथींचं वर्णन जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी 1666 मध्ये केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. वरच्या पापणीत त्या साधारण 25 ते 40 असतात, खालच्या पापणीत 20 ते 30. त्यांचं तेल अश्रूंवर पातळ साय धरावी तसं पसरतं आणि डोळ्यातलं पाणी उडून जाऊ देत नाही.

केसांच्या मुळाशी खपल्या असतील आणि सकाळी पापण्या चिकटत असतील, तर सूज बहुधा पुढच्या बाजूची असते. तिच्यामागे त्वचेवरचे जिवाणू असतात किंवा डोक्यात होतो तसाच तेलकट कोंडा. डोळे सारखे कोरडे पडत असतील, स्क्रीनसमोर बसल्यावर जळजळत असतील, नजर धूसर होऊन पापणी लवली की पुन्हा साफ होत असेल, तर तेलग्रंथी तुंबल्याची शक्यता मोठी. पुष्कळांना दोन्ही एकदम असतं. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी वाहतं म्हणून ‘माझे डोळे कोरडे कसे असतील’ असं वाटू शकतं. पण तेलाचं आवरण विरळ झालं की डोळा चुरचुरतो आणि त्यावर उपाय म्हणून शरीरच पाणी सोडतं.

आणखी एक गोष्ट तपासून घ्या. गाल आणि नाक वरचेवर लाल होत असतील, तर रोझेशिया हा त्वचेचा आजार मुळाशी असू शकतो. डोक्यात, भुवयांत, नाकाच्या कडेला कोंडा असेल, तर त्यावरचा उपचारही सोबत चालू हवा. अशा वेळी नेत्रतज्ज्ञांसोबत त्वचारोगतज्ज्ञांनाही दाखवावं.

शेक: बहुतेकांचं इथेच चुकतं

तुंबलेल्या ग्रंथीतलं तेल थिजल्यासारखं झालेलं असतं. ते वितळायला पापणीला साधारण 40 अंश सेल्सियसची ऊब 5 ते 10 मिनिटं सलग मिळायला हवी. कळीचा शब्द आहे ‘सलग’. मी वर्षभर गरम पाण्यात बुडवलेला रुमाल डोळ्यांवर ठेवून पडत होते आणि गुण येत नाही म्हणून कुरकुरत होते. एक दिवस घड्याळ लावून बघितलं, तर दोन मिनिटांच्या आतच रुमाल कोमट झालेला. उरलेली आठ मिनिटं मी डोळ्यांवर नुसतं ओलं फडकं ठेवून पडलेली असायचे.

म्हणून रुमाल वापरायचा तर दोन घ्या. एक डोळ्यांवर, दुसरा गरम पाण्यात, आणि दर दोन मिनिटांनी अदलाबदल. त्यापेक्षा सोयीचा म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा डोळ्यांचा मास्क. तो ऊब बराच वेळ धरून ठेवतो, शिवाय हात मोकळे राहतात. मला विचाराल तर या आजारासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ही घ्यावी.

आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. सुखद ऊब हवी, चटका नको, कारण पापणीची कातडी फार पातळ असते. सुरुवातीला दिवसातून दोनदा शेक घ्या, आराम पडल्यावर एकदा. रोझेशिया असलेल्या काहींचा चेहरा उष्णतेने जास्त लाल होतो. त्यांनी ऊब कमी ठेवावी आणि डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

लगेच मसाज, मग सफाई

शेक काढल्यावर तेल पुन्हा घट्ट व्हायला वेळ लागत नाही, म्हणून मसाज पुढच्या मिनिटाभरातच करायचा. हात स्वच्छ धुतलेले, नखं कापलेली. डोळे मिटा. वरच्या पापणीवरून बोट वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर. म्हणजे दोन्ही वेळा केसांच्या दिशेने. नाकाकडून कानाकडे सरकत पाच-सहा वेळा. दाब पापणीवर असू द्या, बुबुळावर नाही. शेकानंतर डोळा जोरात चोळणं तर कटाक्षाने टाळा. केराटोकोनस असेल, म्हणजे बुबुळ पातळ होऊन पुढे येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मसाज करूच नका.

मसाजनंतर नजर थोडा वेळ धूसर राहिली तर घाबरू नका, बाहेर आलेलं तेल डोळ्यात पसरलेलं असतं.

आता सफाई. पापण्यांसाठी मिळणारे तयार वाइप्स किंवा फोम घ्या आणि केसांच्या मुळाशी, आडव्या दिशेने, हलक्या हाताने फिरवा. प्रत्येक डोळ्याला वेगळा वाइप. बेबी शाम्पू पाण्यात पातळ करून वापरायचा जुना सल्ला अजूनही दिला जातो. काहींना तो चालतोही. मला त्याने डोळे अधिकच कोरडे पडल्यासारखे वाटायचे, आणि तयार वाइप्स सोसत असतील तर त्याच्याकडे वळायची गरज नाही असं माझं मत आहे. कातडी फारच नाजूक असेल तर हायपोक्लोरस आम्लाचा, खास पापण्यांसाठी बनवलेला सौम्य स्प्रे चांगला. मिटलेल्या पापणीवर तो मारला की झालं. खपली सुटत नसेल तर ओढू नका. उद्याच्या शेकानंतर ती सैल होईल.

या सगळ्याला मिळून पंधरा मिनिटं लागतात. फरक कळायला मात्र तीन-चार आठवडे जातात. दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देणारे खूप असतात, आणि महिनाभराने बरं वाटलं म्हणून सोडणारे त्याहून जास्त. मी दोन्ही केलंय. प्रत्येक वेळी तीन आठवड्यांत मूळपदावर आले.

केसांच्या मुळाशी कॉलरसारख्या खपल्या असतील तर

आरशात खाली बघत वरच्या पापणीच्या मुळाशी नीट पाहा, किंवा कुणाला तरी मोबाइलवर जवळून फोटो काढायला सांगा. प्रत्येक केसाच्या बुडाला पारदर्शक, मेणचट नळी अडकवल्यासारखी दिसत असेल, तर डेमोडेक्सचा संशय घ्यावा. हे कोळ्यांच्या कुळातले अतिसूक्ष्म जीव आहेत, लांबी साधारण 0.3 मिलिमीटर, आणि ते केसाच्या मुळात डोकं खाली करून राहतात. वाचून शिसारी येते, कबूल आहे. पण वय वाढेल तसे ते बहुतेक सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतात. त्याचा अस्वच्छतेशी संबंध जोडून लाजू नका. त्रास होतो तो त्यांची संख्या फार वाढल्यावर.

यावर टी ट्री तेलाचा घटक असलेले पापण्यांचे वाइप्स मिळतात. बाटलीतलं शुद्ध टी ट्री तेल मात्र डोळ्याजवळ कधीही नेऊ नका. बुबुळाला इजा होते. अमेरिकेत जुलै 2023 मध्ये लोटिलानर 0.25 टक्के हे थेंब खास डेमोडेक्समुळे होणाऱ्या पापण्यांच्या सुजेसाठी मंजूर झाले. ते दिवसातून दोनदा, सहा आठवडे घालायचे असतात. तुमच्याकडे ते मिळतात का, हे डॉक्टरांना विचारा. केसांच्या मुळाशी नळ्या दिसतात, हेही त्यांना आपणहून सांगा, कारण डोळे समोर बघत असताना त्या सहज नजरेतून सुटतात.

औषधं: काय विचारायचं, कशाला जपायचं

निगा राखूनही महिना-दीड महिन्यात फरक पडला नाही तर औषधांचा विचार होतो. जिवाणूंचा भाग मोठा असेल तर कडेला लावायचं मलम किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिनचे थेंब देतात. ग्रंथी हट्टाने तुंबत असतील किंवा रोझेशिया असेल तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या कमी मात्रेत काही आठवडे ते काही महिने चालतात. इथे तिचं काम जिवाणू मारण्यापेक्षा सूज कमी करण्याचं आणि तेलाचा पोत सुधारण्याचं असतं. गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुलांना ती देत नाहीत. गोळी भरपूर पाण्यासोबत घ्या आणि घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. ही गोळी चालू असताना ऊनही बाधतं.

स्टिरॉइडच्या थेंबांबद्दल कळकळीने सांगते. त्यांनी दोन दिवसांत लाली जाते, इतकं बरं वाटतं की मागच्या वेळची उरलेली बाटली पुन्हा काढावीशी वाटते. काढू नका. जास्त दिवस घातल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, आणि दाब वाढतो तेव्हा आपल्याला काहीच जाणवत नाही. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस, सांगितले तसे कमी करत, आणि मधे दाब तपासून घेत.

कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. बेन्झाल्कोनियम क्लोराइड या प्रिझर्व्हेटिव्हचं नाव बाटलीवर आहे का ते बघा. वारंवार घातलं तर तेच डोळ्याला त्रास देतं.

ओमेगा-3 च्या कॅप्सूल मी बरीच वर्षं घेतल्या. 2018 मध्ये ‘ड्रीम’ नावाच्या अभ्यासात कोरड्या डोळ्यांच्या 535 रुग्णांवर वर्षभर तुलना झाली आणि रोज 3000 मिलिग्रॅम ओमेगा-3 घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. ते वाचून मी थांबवल्या, आणि डोळ्यांत काही फरक पडला नाही. दवाखान्यात यंत्राने पापण्यांना उष्णता व दाब देण्याचे आणि आयपीएलचे, म्हणजे तीव्र प्रकाशाच्या झोतांचे उपचारही आहेत. काहींना त्यांनी चांगला आराम पडतो, पण ते खर्चिक आहेत आणि बऱ्याचदा पुन्हा करावे लागतात. आधी घरचा शेक दोन-तीन महिने नीट करून बघा.

एका वेळी एकच बदल

वैतागलेला माणूस मास्क, नवे वाइप्स, कॅप्सूल आणि थेंब एकाच आठवड्यात सुरू करतो. मग बरं वाटलं तरी कशाने ते कळत नाही, आणि बिघडलं तरी कळत नाही. मी साधी वही ठेवली: तारीख, सकाळचा त्रास दहापैकी किती, संध्याकाळचा किती, आणि नवं काय सुरू केलं. चौथ्या पानावर मला उत्तर सापडलं. नेलपॉलिश लावलेल्या आठवड्यांत पापण्या सुजत होत्या. बोटं नकळत डोळ्यांकडे जातात आणि अ‍ॅलर्जी नखांना न दिसता पापण्यांवर दिसते. मलम लावून उलट सूज वाढत असेल तर मलमाचीच अ‍ॅलर्जी असू शकते, हेही वहीतच पकडता येतं. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, तिने तेलग्रंथी सुकतात.

त्रास चढलेला असताना कॉन्टॅक्ट लेन्स आणि डोळ्यांचा मेकअप बंद ठेवा. एरवीही कडेच्या आतल्या बाजूला काजळ किंवा आयलायनर लावू नका, ग्रंथींची तोंडं तिथेच असतात. मस्कारा तीन महिन्यांनी बदला. स्क्रीनसमोर आपण पापण्या कमी लववतो आणि अर्धवट लववतो. कडा पूर्ण टेकेपर्यंत सावकाश मिटायची सवय लावा, तेल त्या दाबानेच बाहेर येतं.

यात थांबू नका

डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर कमी झाली असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. लेन्स वापरणाऱ्यांनी तर लाल, दुखऱ्या डोळ्याला एक रात्रही देऊ नये. एकाच डोळ्याची सूज महिनोन्‌महिने हटत नसेल, तिथले केस गळत असतील किंवा गाठ पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल, तर बायोप्सीबद्दल स्वतः विचारा, कारण पापणीच्या तेलग्रंथीचा कर्करोग क्वचित असाच दिसतो. आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर पापण्यांची सूज आहे हे तारीख घेण्याआधीच सर्जनना सांगा. कडेवरच्या जिवाणूंमुळे डोळ्याच्या आत संसर्गाचा धोका वाढतो, आणि कोरड्या डोळ्यावर घेतलेली, आत बसवायच्या लेन्सची मापंही चुकू शकतात. पापण्या आटोक्यात येईपर्यंत शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलली जाते.